नजर बदलली की जगणं बदलतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबागच्या एका छोट्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण जमतो. मी शाळेत समुपदेशक म्हणून बावीस वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. एकाच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने बघता येतं का आणि त्याने खरंच बरं वाटतं का, यावर तिथे बोलणं होतं. मग आठवडाभर फोनवर, चिठ्ठ्यांतून, कधी जिन्यात गाठून प्रश्न येत राहतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. कुणाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. मात्र प्रश्न १०, १२ आणि १४ कुणी वगळू नयेत, एवढी विनंती.

१. नजर बदलायची म्हणजे नेमकं करायचं काय?

घडलेली गोष्ट आणि तिचा आपण लावलेला अर्थ, ही दोन वेगळी करायची. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की कळतं, डोक्यात ही दोन्ही एकजीव होऊनच येतात. सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही पाण्याच्या टाकीबद्दल मेसेज टाकला आणि कुणी उत्तर दिलं नाही. घडलं एवढंच की उत्तर आलं नाही. "मला इथे कुणी विचारत नाही" हा आपण लावलेला अर्थ, आणि रात्रभर सलतो तो हाच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात या विचारावर उपचारपद्धती उभी केली. आपल्याला वाटतं घटनेतून थेट त्रास होतो. एलिस म्हणत, दोन्हींच्या मध्ये आपली समजूत उभी असते. पुढे १९६० च्या दशकात अ‍ॅरन बेक यांना नैराश्याच्या रुग्णांमध्ये असंच काहीसं दिसलं. क्षणात येऊन जाणारे, रुग्णाला स्वतःलाही धड न जाणवणारे विचार त्याचा दिवस ठरवत होते. आज जिला सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, तिचा पाया या दोघांच्या कामात आहे.

समजूत सापडली की तिला तीन प्रश्न विचारायचे. हिला पुरावा काय? दुसरा कुठला अर्थ निघू शकतो? आणि समजा हाच अर्थ खरा निघाला, तर मी काय करणार? तिसरा प्रश्न बहुतेक जण गाळतात. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कधी कधी आपला वाईट अंदाज खरा असतो.

२. हे तर आपल्या संतांनी केव्हाच सांगून ठेवलंय. त्यासाठी मानसशास्त्र कशाला?

सांगितलंय हे खरंच. "दृष्टी तशी सृष्टी" हे आपण लहानपणापासून ऐकतो. एलिस यांनीही एपिक्टेटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचं ऋण मोकळेपणाने मानलं होतं. पण कीर्तनात मान डोलावून घरी आलं आणि गॅसवर दूध उतू गेलेलं दिसलं, की ऐकलेलं सगळं दारातच राहतं. मानसशास्त्राने दिली ती रीत: कधी करायचं, कुठल्या क्रमाने, किती वेळ, आणि कुणाला त्याचा उलट त्रास होऊ शकतो. दोन्हींचं भांडण लावायचं कारण नाही.

३. म्हणजे सकारात्मक विचार करा, हेच ना?

नाही, आणि या गैरसमजाने माणसांचं नुकसान होतं म्हणून जरा सविस्तर सांगते.

२००९ मध्ये कॅनडातल्या जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" हे वाक्य स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल मुळात बरं वाटत होतं त्यांना थोडासा फायदा झाला. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता त्यांना मात्र हे वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. समजण्यासारखं आहे. ज्यावर आपलाच विश्वास नाही ते वाक्य म्हटलं की आतून लगेच कुणीतरी विचारतं, "खरंच का?"

मी "गोड बघा" म्हणत नाही, "पूर्ण बघा" म्हणते. समजा, मुलाला दहावीला ६२ टक्के पडले. घाबरलेली नजर म्हणते, वाया गेला. गोड नजर म्हणते, जे होतं ते भल्यासाठीच. पूर्ण बघायचं तर मार्कशीट हातात घेऊन बसावं लागतं. गणितात ४१ आहेत, मराठीत ७८ आहेत. डिसेंबरात तीन आठवडे डेंग्यूत गेले. हवं ते कॉलेज मिळणार नाही, याचं वाईट वाटणार आहे आणि ते वाटू द्यायचं आहे. आयटीआयच्या अर्जाची तारीख अजून गेलेली नाही. या चित्रात वाईट बातमीसुद्धा आहे, पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं तेही दिसतं. पहिल्या दोन नजरांना ते दिसतच नाही.

४. सुरुवात कशी करू? रोज काय करायचं?

एक साधी दोनशे पानी वही घ्या. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा "घडलं", उजवीकडे "मी मनात म्हटलं". डाव्या बाजूचा नियम कडक आहे: गेटवरच्या कॅमेऱ्यात दिसलं किंवा ऐकू आलं असतं, तेवढंच तिथे लिहायचं.

आमच्या गटातल्या एका आजींनी त्यांचं पान इथे सांगायची परवानगी दिली आहे. डावीकडे होतं: "सकाळी ११ ला सुनेला फोन केला. उचलला नाही. दुपारी ३ ला तिचा मेसेज आला, मीटिंगमध्ये होते आई, बोला ना." उजवीकडे होतं: "मुद्दाम उचलत नाही. मुलाला माझ्यापासून तोडलं. शेवटी मला वृद्धाश्रमातच जायचंय." त्या पान वाचून दाखवत होत्या. "मुद्दाम" या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. म्हणाल्या, "हे कॅमेऱ्यात येणार नाही." मग बोट परत डावीकडे गेलं आणि "बोला ना"वर येऊन थांबलं. मेसेज त्यांनीच उतरवून घेतला होता, पण ते दोन शब्द त्यांनी वाचलेच नव्हते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पुढे सासू-सुनेने बोलायची वेळ ठरवून घेतली, मंगळवारी आणि शनिवारी रात्री आठला. एखादा मंगळवार अजूनही चुकतो आणि आजींना अजूनही लागतं. वृद्धाश्रमापर्यंत मात्र विचार जात नाही.

आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं पुरतात. झोपायच्या तोंडावर लिहू नका, झोप उडते. आणि उजवी बाजू त्याच दिवशी सुधारायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी तेच पान वाचताना ते कुणा दुसऱ्याने लिहिल्यासारखं वाटतं, तेव्हा प्रश्न १ मधले तीन प्रश्न विचारा.

५. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच माणसं. वही ठेवू कुठे आणि लिहू कधी?

हा प्रश्न बायकांकडून सगळ्यात जास्त येतो, आणि तो अगदी रास्त आहे. कुणी वाचेल ही भीती असली की माणूस खरं लिहीत नाही. कागदावर लिहा आणि लिहून झाल्यावर फाडून टाका. अमेरिकेतले जेम्स पेनबेकर १९८० च्या दशकापासून लिहिण्यावर संशोधन करत आले आहेत. मनातलं सलणारं रोज पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार दिवस लिहिलं तर अनेकांना पुढे हलकं वाटतं असं त्यांना आढळलं. फायदा लिहिण्यात आहे, कागद जपून ठेवायलाच हवा असं काही नाही.

तेवढंही जमत नसेल तर गच्चीवर कपडे वाळत घालताना स्वतःशी बोला, पण स्वतःला नावाने हाक मारून. "मला असं का वाटतंय" ऐवजी "शोभाला आज एवढा राग का आला?" ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की ताणाच्या वेळी स्वतःशी असं परक्यासारखं बोलणाऱ्यांना भावना आवरणं सोपं गेलं. मैत्रिणीला आपण किती समजुतीने सांगतो, तो सूर नावाने हाक मारल्यावर आपसूक लागतो.

६. लोकलच्या प्रवासात रोज डोकं फिरतं. तिथे नजर बदलून काय होणार?

गर्दी कमी होणार नाही. ते आधीच कबूल करते.

लग्नानंतर बरीच वर्षं मी कल्याण ते दादर रोज गेले. बायकांच्या डब्यात तिघींच्या बाकावर चौथी सीट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको: अर्धं अंग बाकावर, अर्धं वाटेत, आणि प्रत्येक स्टेशनला चढणाऱ्यांच्या पर्सचे धक्के. एका पावसाळ्यात माझ्या शेजारी रोज एकच बाई यायची, मांडीवर मेथीची जुडी निवडत बसायची आणि इंचभरही सरकायची नाही. जवळपास महिनाभर मी घाटकोपर येईपर्यंत मनात तिच्याशी भांडत होते. "हिला मी दिसतच नाही. समजते कोण स्वतःला." एका सकाळी हेच कागदावर लिहिलं, तेव्हा डावीकडच्या बाजूला लिहायला फक्त एक ओळ मिळाली: "ती सरकली नाही." आणि लक्षात आलं की मी तिला एकदाही विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "ताई, जरा सरकता का?" तिने मेथी आवरली, पिशवी पायात घेतली आणि सरकली. तिची काही दुःखी कहाणी नव्हती. तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

निकोलस एपली आणि जुलियाना श्रोडर यांचा २०१४ मधला प्रयोग मला म्हणूनच आवडतो. शिकागोच्या गाड्यांमधल्या काही प्रवाशांना त्यांनी अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. आधी विचारलं तर लोकांना वाटत होतं की बोलण्याने प्रवास नकोसा होईल. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त बरा गेला. आपल्याकडे डब्यात भजनं म्हणणारे आणि गाडीत डोहाळजेवण करणाऱ्या बायका हे कुणी न सांगताच करत आल्या आहेत.

दारात लटकून जीव मुठीत धरून प्रवास करावा लागतो, त्याचं उत्तर मात्र इथे नाही. ते प्रश्न १० मध्ये आहे.

७. सगळ्यांचं बरं चाललंय, आपणच मागे राहिलो असं वाटतं. काय करू?

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या विजेत्यांचे चेहरे संशोधकांनी चित्रफितींतून तपासले होते. कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा जास्त खूश दिसले. रौप्यवाल्याच्या डोळ्यांसमोर हुकलेलं सोनं असतं, कांस्यवाल्याला दिसतं की थोडक्यात पदकच हुकणार होतं. मुंबईत हे रीडेव्हलपमेंटमध्ये रोज दिसतं. चाळीतल्या खोलीऐवजी स्वतःचं संडास-बाथरूम असलेलं घर मिळालं, आणि शेजारच्याला खिडकीतून समुद्राचा तुकडा दिसतो म्हणून आपल्या घरात पहिला महिना घुसमट.

तुलना थांबवा, असं मी सांगणार नाही, ते कुणाला जमत नाही. फक्त तुम्ही स्वतःला कुणाशेजारी उभं केलंय ते बघा. पाच वर्षांपूर्वीच्या स्वतःशेजारी उभं राहून बघितलंय का?

इथे एक जुना अभ्यास फार सांगितला जातो. १९७८ मध्ये इलिनॉयमधल्या २२ लॉटरी विजेत्यांची इतरांशी तुलना झाली. विजेते इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते आणि रोजच्या लहानसहान गोष्टींतला त्यांचा आनंद उलट कमी झाला होता. इथपर्यंत बरोबर आहे. पण पुढे "अपघातात अपंग झालेलेही तितकेच आनंदी होते" असं जोडलं जातं, ते चूक आहे. त्यांचा आनंद इतरांपेक्षा कमीच होता. लोकांना वाटेल तेवढे ते खचलेले नव्हते, इतकंच.

आणि "आपल्यापेक्षा वाईट स्थितीतल्यांकडे बघा" हा सल्ला मला मनापासून आवडत नाही. फुटपाथवर झोपलेल्या माणसाचे हाल हे माझ्या समाधानाचं औषध असू नयेत.

८. कृतज्ञतेची यादी लिहून लिहून कंटाळा आला. रोज तेच, घर आहे, मुलं आहेत, तब्येत आहे. चुकतंय का काही?

बहुधा फार वेळा लिहिताय. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रविवारी एकदाच लिहा आणि बारीक लिहा. "शेजारी चांगले आहेत" यापेक्षा "मेगाब्लॉकमुळे उशीर झाला तर वहिनींनी बाळाला वरणभात भरवून ठेवला होता."

दुसरी एक रीत आहे. आहे ते मोजण्याऐवजी ते नसतं तर काय झालं असतं, याची कल्पना करायची. नवऱ्याची ओळख ज्या लग्नात झाली तिथे त्या दिवशी मी गेलेच नसते तर? याने सवयीचं झालेलं पुन्हा दिसू लागतं.

९. राग आला त्या क्षणी वही कुठून आणू? आणि इंटरव्ह्यूच्या आधी हात कापतात त्याचं काय?

राग गिळू नका. जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की भावना चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्यांच्या शरीरावरचा ताण उलट वाढतो. आधी शरीराला वेळ द्या: पाणी प्या, जिना उतरून या. विचार त्यानंतर. उकळत्या डोक्याने शोधलेला दुसरा अर्थही रागीटच असतो.

इंटरव्ह्यूचं वेगळं आहे. तिथे "शांत हो" म्हणण्यापेक्षा "मला हे करायची उत्सुकता आहे" असं म्हणून बघा. अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत असं म्हणणाऱ्यांची भाषणं जास्त चांगली झाली. छातीतली धडधड दोन्हीकडे सारखीच असते. तिला शांत करण्यापेक्षा तिचं नाव बदलणं सोपं जातं.

१०. अन्याय होत असेल तरी आपणच नजर बदलायची का?

नाही. हे मला ठासून सांगायचं आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं वाटली. ते सगळं खरं होतं आणि आठवलं की आजही भरून येतं. पण त्यानंतर दर वेळी "मुंबईचं स्पिरिट" म्हणत लोकांना दुसऱ्या दिवशी कामाला लावलं गेलं, आणि नाल्यांचं काय झालं हा प्रश्न मागे पडला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पूल अरुंद आहे, हे तिथून रोज जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिथे नजर बदलून उपयोग नव्हता, पूल बदलायला हवा होता. काही महिन्यांत लष्कराने तिथे नवा पूल उभा केला, म्हणजे तो होऊ शकत होता.

संशोधनही हेच सांगतं. अ‍ॅलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात, जे आपल्या हातात नव्हतं तिथे वेगळ्या नजरेने बघू शकणाऱ्यांना नैराश्य कमी होतं. जे बदलता येण्यासारखं होतं तिथे मात्र याच कौशल्याबरोबर नैराश्य जास्त दिसलं. बदलता येणारी गोष्ट सोसत राहिलं, की तिचा भार वाढतो.

माझे वडील कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. भोंगा बंद झाला तरी ते पहाटे त्याच वेळेला उठून कॉटवर बसून राहायचे. नातेवाईक यायचे आणि म्हणायचे, "होतं ते बऱ्याकरता." ते काही न बोलता उठून गॅलरीत जायचे. घरात मात्र वर्षभर एकच वाक्य असायचं, "मी घराला भार झालो."

हे वाक्य एका साध्या गोष्टीने हललं. गणपतीच्या वर्गणीसाठी ते मजल्यावरच्या खोल्यांतून फिरत होते. दुपारचे तीन वाजले होते आणि प्रत्येक दारात बापे माणसं बसलेली. एरवी त्या वेळी अर्धी पाळीवर असायची. घरी येऊन वहीत वर्गणी मांडताना आईला म्हणाले, "अगं, अख्खा मजला घरी आहे." चार महिन्यांनी ते भिवंडीला पॉवरलूमवर कमी पगारात कामाला लागले, आणि पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठीच्या मोर्च्यांनाही जात राहिले. गिरणी गेली ते चांगलं झालं, असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत आणि म्हणायला नकोच होतं. दोष आपल्या हातांचा नव्हता एवढं त्यांना दिसलं. ते दिसल्यावर काम शोधायला आणि भांडायला दोन्हीला बळ आलं.

तेव्हा कसोटी ही: वेगळ्या नजरेने बघितल्यावर तुम्ही उठून काही करू लागता का, की गप्प बसता? गप्प बसत असाल तर ती नजर कुणाच्या सोयीची आहे ते तपासा.

११. मला पटलं, पण नवऱ्याला कसं पटवू? दर भांडणात तेच मुद्दे येतात.

त्याला पटवायला जाऊ नका. "तू जरा वेगळ्या नजरेने बघ ना" हे वाक्य भांडणात दुसऱ्याला थप्पड मारल्यासारखं लागतं. स्वतःपुरतं करा.

एली फिन्केल आणि सहकाऱ्यांनी १२० जोडप्यांवर दोन वर्षं अभ्यास केला. दुसऱ्या वर्षात निम्म्या जोडप्यांना तीन वेळा, दर वेळी सात मिनिटं, एक लेखन करायला दिलं: दोघांचंही भलं चिंतणारा तिऱ्हाईत माणूस तुमच्या या भांडणाकडे कसा बघेल? वर्षाला एकूण २१ मिनिटं. भांडणं कमी झाली नाहीत, पण भांडणांचा त्रास कमी झाला आणि नात्यातलं समाधान घसरायचं थांबलं. आमच्याकडे काही जणी तिऱ्हाईत म्हणून दोन्ही घरांचा आदर असलेल्या मामांना मनात उभं करतात. "मामा काय म्हणाले असते?" हे लिहायला सोपं जातं.

१२. नवरा हात उचलतो. पण बाकी चांगला आहे. त्याची बाजू समजून घ्यायचा प्रयत्न करतेय. बरोबर आहे का?

नाही, ताई. प्रश्न ११ तुमच्यासाठी नाही. मारहाण होते तिथे समजून घेण्याचं काम तुमचं नाही, आधी सुरक्षित होणं महत्त्वाचं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तुम्हाला संरक्षण मागता येतं आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही सांगता येतो. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे, तातडीची वेळ असेल तर ११२. आणि विश्वासातल्या एका तरी बाईला आज सांगून ठेवा.

१३. बाबांना जाऊन तीन महिने झाले. सगळे म्हणतात "सुटले बिचारे, तसं बघ." मला तसं बघता येत नाही.

मग बघू नका. सध्या फक्त त्यांची आठवण काढा. त्यांचा चष्मा टेबलावरून हलवावासा वाटत नसेल तर राहू द्या. इथली कुठलीही रीत दुःख लवकर आटपण्यासाठी नाही. पुढे कधीतरी आजारपणातले दिवस मागे सरतील आणि त्याआधीचे बाबा आठवू लागतील. ते आपणहून होतं.

१४. महिनाभर हे सगळं करतोय, काहीच फरक नाही. माझं चुकतंय का?

तुमचं चुकत नसेलही. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. ते आजारपण आहे. मलेरियात कुणी नजर बदलायला सांगत नाही. केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपर काढून दाखवता येतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर वाचन इथेच थांबवा आणि फोन लावा. वही नंतरही भरता येईल. औषध चालू असताना वहीचा उपयोग उलट जास्त होतो.

१५. वय ६८. आता या वयात काय बदलणार?

बरंच काही. लॉरा कार्स्टन्सन यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनानुसार, वय वाढतं तसं माणसांचं लक्ष चांगल्या गोष्टींकडे जास्त वळतं आणि ती निवडक नात्यांवर जीव लावतात. आमच्या गटात सगळ्यात जास्त वह्या भरल्यात त्या साठीच्या पुढच्यांनी. प्रश्न ४ मधल्या आजी ७४ वर्षांच्या आहेत.

१६. बहिणीला कॅन्सर झालाय, परळला उपचार चालू आहेत. "पॉझिटिव्ह राहा, अर्धी लढाई मनाची असते" असं तिला सांगू ना?

कृपया सांगू नका. मन खंबीर ठेवल्याने आयुष्य वाढतं, असा भक्कम पुरावा नाही. जेम्स कॉइन यांनी २००७ मध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरचे हजाराहून जास्त रुग्ण अभ्यासले. मानसिक स्थितीचा आणि जगण्याच्या कालावधीचा संबंध दिसला नाही. "मनाची लढाई" म्हटलं की आजार वाढला तर तोही तिचाच दोष ठरतो. आधीच थकलेल्या बाईवर हे ओझं कशाला?

तिची नजर तिची तिला सापडू शकते. आमच्यातली एक जण म्हणाली होती, "केमोच्या दिवशी मला बरं वाटतं. तिथे सगळेच आजारी, त्यामुळे मला कुणी आजाऱ्यासारखं वागवत नाही." हे तिला बाहेरून कुणी सुचवलं असतं तर तिने फोन ठेवून दिला असता. तिचं तिलाच सुचलं, म्हणून ते टिकलं.

तुम्ही तिला विचारा, उद्या ओपीडीला किती वाजता निघायचं. फाइल तुम्ही धरा. रांगेत तुम्ही उभे राहा, तिला बाकावर बसू दे. आणि ती म्हणाली "मला भीती वाटते", तर तिला अडवू नका, तिचं सगळं बोलून होऊ द्या.